सासऱ्याचं नाव वरच्या पट्टीत

पैज काय होती ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला शिव्या घालायला तुम्हाला सोपं जाईल.

हरणाऱ्याने डोक्याला नव्या नवरीचा पांढरा रुमाल बांधायचा. अंगणातल्या नळापाशी समोवार पेटवायचा. सोळाच्या सोळा घरांना चहा द्यायचा आणि प्रत्येकापुढे नव्या सुनेसारखं तीनदा वाकायचं. नजर खाली, तोंडातून शब्द नाही. आणि हे सगळं रविवारी, भर दुपारी, पोरंबाळं घरात असताना.

पैज लावणारे दोघं. एक मी, जुमादिल, वय अठ्ठेचाळीस, फ्रुंझे शहरातल्या ऑपेरा थिएटरात पडदा ओढणारा आणि ढगांचा गडगडाट करणारा. दुसरा समोरच्या दारातला तेमिर म्हातारा, चौऱ्याहत्तर वर्षांचा. जन्मभर नारिनकडच्या कुरणांत मेंढ्या वळल्या, बायको गेल्यावर मुलाकडे शहरात आला. मुलगा कुबात ओशच्या घाटात ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात उरतात म्हातारा आणि सून. सून म्हणजे अनिपा, आमच्या थिएटरची गायिका.

त्या दिवशी जर्दाळूखाली आम्ही डोमिनो खेळत होतो. मी हरत होतो, म्हणून मला काडी लावायची हुक्की आली. म्हाताऱ्या माणसाला आम्ही मानाने अक्साकाल म्हणतो, पांढऱ्या दाढीचा.

"अक्साकाल, ऐकलंत का? सूनबाईंना मुख्य काम मिळालंय."

"ऐकलं की. पहाटेपासून किंचाळतेय, बहिऱ्यालाही ऐकू जाईल."

"नायकाचं नाव काय, ते सांगितलं का तिने?"

म्हातारा दाढीत हसला. "सांगितलं. म्हणाली, 'अता, नायकाचं नाव ते कडक-काळं आहे.'"

मी इतका हसलो की सोंगट्या सांडल्या. आमच्याकडे सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. नुसतं नाव नाही, त्या नावासारखा शब्दही नाही. आणि तेमिर म्हणजे लोखंड. अकरा वर्षं अनिपा लोखंडाला 'कडक-काळं' म्हणत आली होती. माझ्या बायकोकडे इस्त्री मागायला यायची ती 'कपड्यांचं कडक-काळं देता का' असं म्हणत. आमच्या भाषेत रेल्वेला लोखंडी वाट म्हणतात. एकदा स्टेशनवर तिने 'कडक-काळ्या वाटेचं' तिकीट मागितलं, तर खिडकीतली बाई म्हणाली, कोळशाची गाडी मागच्या फलाटावर लागते.

"मग? स्टेजवर काय गाणार ती? कडक-काळ्या, ये रे माझ्या कडक-काळ्या?" मी म्हटलं.

"काहीतरी गाईल. पण माझं नाव घेणार नाही."

"घेईल. हजार माणसांसमोर घेईल, वरच्या पट्टीत घेईल."

"माझी सून आहे ती, तुझी बायको नाही, जुमादिल. लाव पैज."

लावली. सोळा घरांच्या खिडक्या साक्षीला. माझा आनंद काय विचारता! हरला तर म्हातारा रुमाल बांधणार, आणि मी हरलो तरी मजाच, मला काय, मी नाटकातला माणूस.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले तिचे.

"ते नाव गाण्यात कुठे येतं, विचारलंस का?"

"शेवटच्या अंकात. तेमिर मरतो ना, तेव्हा ती त्याच्यावर—"

तिने कणकेचा हात वर करून मला अडवलं.

"मयताचं गाणं," बायको म्हणाली. "जिवंत माणसाचं नाव घेऊन त्याच्या सुनेने मयताचं गाणं म्हणायचं. आणि तू त्यावर पैज लावलीस. ऊठ, हात धुऊन ये, तुझ्या हाताने भाकरीला शिवू नकोस."

खरंच शिवू दिलं नाही तिने.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. पण आमच्याकडे माणूस गेला की घरातल्या बाया तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसतात आणि त्याला उद्देशून गातात. कोशोक म्हणतात त्याला. तो सूर कानावर आला की रस्त्यावरचा घोडेस्वारसुद्धा खाली उतरतो. जिवंत माणसासाठी तो सूर कुणी गंमत म्हणूनही लावत नाही. मी स्वतः जन्मभर सगळ्यांच्या खोड्या काढल्या, मेलेल्याचं सोंग घेऊन सासूला पळवलं, पण ही खोडी कधी केली नव्हती. आता केली होती, आणि न कळता.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी मुद्दाम बाजूच्या पडद्याआड उभा राहिलो. अनिपा छत्तीस वर्षांची. कुरणातल्या घरची मुलगी. आमच्याकडे घोडीचं दूध पितात; ते काढायला घोड्यांना डोंगरापलीकडून हाका मारायची, ती हाक ऐकून फिरत्या कलापथकाने तिला पंधराव्या वर्षी उचललं. ताश्कंदला पाच वर्षं शिकली. मग आमच्या थिएटरात समूहगायनात, तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. सोळा वर्षं तिथेच. मुख्य गायिकेने निवृत्ती घेतली तेव्हा कंडक्टरने तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. आता नाही तर मग कधीच नाही, हे तिलाही माहीत होतं.

शेवटचं दृश्य आलं. सगळी वाद्यं थांबतात, नुसता तिचा गळा. तीन हाका. तिने पहिली हाक मारली, "बातिर!" म्हणजे वीरा.

कंडक्टर येफिम मार्कोविचने काडी खाली ठेवली. "नाव, अनिपा. नाव लिहिलंय तिथे."

"वीराही चालेल ना? सूर तोच आहे."

"मेलेल्या माणसाला त्याची आई, बायको काय म्हणून हाक मारते? हुद्द्याने? पुन्हा."

पुन्हा "बातिर". पुन्हा काडी खाली. सातव्या वेळेला तो म्हणाला, आवाज न चढवता, "शनिवारी मॉस्कोहून तिघं ऐकायला येणार आहेत. नाव आलं नाही, तर रविवारपासून तिसरी रांग, निवृत्तीपर्यंत. मी रागाने बोलत नाहीये."

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात म्हातारा नळापाशी कोसळला. बादली एकीकडे, तो एकीकडे. हृदयाचा झटका, लहानसा होता म्हणाले. चार दिवसांनी घरी सोडलं, सोबत जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आणि डॉक्टरीणबाईंची ताकीद: दगदग नको, धक्का नको. मी धावत गेलो.

"अक्साकाल, पैज रद्द. मी रुमाल बांधतो, उद्याच बांधतो."

"का? घाबरलास?"

"हो."

"पहिल्यांदाच खरं बोललास," म्हातारा म्हणाला. उशाशी त्याची पांढरी टोपी होती, ती त्याने डोक्यावर चढवली, पडल्यापडल्याच. "शनिवारचं माझं तिकीट कुठाय? कडेची खुर्ची दे, पाय लांब करायला. आणि रद्द वगैरे काही नाही. ती नाव घेणार नाही, तू रुमाल बांधणार, मी तीन वाट्या चहा पिणार."

आता बघा पेच. तिने नाव घेतलं नाही तर तिचा गळा आयुष्यभर तिसऱ्या रांगेत. घेतलं तर म्हातारा पाचव्या रांगेत बसून स्वतःचं मयताचं गाणं ऐकणार, गोळीच्या आधाराने जगणारा माणूस. आणि हे सगळं ज्याला गंमत वाटलं होतं तो मी.

शनिवारी दुपारी अनिपा सामानाच्या खोलीत मला गाठायला आली. रंग लावलेला नव्हता अजून. ओठ पांढरे. थिएटरात सगळे मला बाइके म्हणतात, म्हणजे दादा.

"बाइके, तुम्हाला एक सांगू? त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कशी गेली, माहीत आहे?"

"बर्फात गेली म्हणतात."

"लग्नाचं दुसरं वर्ष होतं. मी सासरच्या गावी पोस्टात गेले होते. कारकुनाने विचारलं, घरातल्या कर्त्याचं नाव? मागे रांग होती. मी हळूच सांगितलं, एकदाच. त्याच संध्याकाळी नदीवरचा बर्फ फुटून ते घोड्यासकट आत गेले. घोडा गेला, दोन बोटं गेली. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं." तिने स्वतःचे हात काखेत घट्ट धरले. "ते एकदा होतं, कुजबुजून. आज तीनदा आहे. मयतावर. आणि ते समोर बसणार."

"त्यांना येऊ नका सांग."

"सांगितलं. म्हणाले, सुनेचं पहिलं मोठं काम, आणि मी घरी बसू? बाइके, मला गाता येत नाहीये. सकाळपासून 'ते-' एवढं पहिलं अक्षर म्हणते आणि पुढे सरकतच नाही. मला मुख्य काम नको असं नाही हो. मला हवंय. मला इतकं हवंय की त्याचीच भीती वाटते. मी लोभापायी माणूस मारीन."

मला सुचली ती युक्तीच होती, दुसरं मला काय सुचणार. भिंतीला माझा गडगडाटाचा लोखंडी पत्रा टांगलेला होता, पुरुषभर उंचीचा.

"हा पत्रा बघितलास?"

"कडक-काळा," ती सवयीने म्हणाली.

"तू फक्त तोंड उघड. तिन्ही हाकांना मी हा असा हाणतो की मॉस्कोवाल्यांच्या कानठळ्या बसतील. नाव कुणालाच ऐकू येणार नाही. कंडक्टर मला फाडून खाईल, तुला नाही. वीज पडली, त्याला कोण काय करणार?"

तिने पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा हलकेच घुमला, तिने तो दाबून थांबवला.

"मी उजवा हात वर केला तरच," ती म्हणाली. "नाही केला तर शिवायचं नाही. शपथ घ्या."

घेतली.

संध्याकाळी म्हातारा आला. ठेवणीतला लांब कोट, टोपी, खिशात गोळ्यांची कुपी. कडेच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला. बाजूच्या कापडाला एक भोक आहे, मी सतरा वर्षांपूर्वी पाडलेलं, मुलींना बघायला. त्यातून मी पहिल्या तीन अंकांत तो श्वास घेतोय की नाही तेवढंच बघत राहिलो. एकदा तर पडदा ओढायला अर्धं मिनिट उशीर झाला.

अनिपा छान गात होती. छान म्हणजे व्यवस्थित, पण कडेकडेने चालल्यासारखी.

शेवटचा अंक. तेमिर झालेला आमचा जाडा टेनर गायक तलवारीने मेला आणि आडवा झाला. अनिपा त्याच्याशेजारी बसली, आमच्या रिवाजाप्रमाणे लोकांकडे पाठ करून, तंबूच्या भिंतीकडे तोंड. म्हणजे तिचा चेहरा अख्ख्या थिएटरात फक्त मला दिसत होता. तसा चेहरा मी एकदाच पाहिलाय, घाटात ब्रेक गेलेल्या गाडीत शेजारी बसलेल्या बाईचा.

वाद्यं थांबली.

माझा एक हात पडद्याच्या दोरावर, दुसरा पत्र्याच्या मुठीवर. तिने माझ्याकडे बघितलं. उजवा हात मांडीवरच राहिला.

"तेमिर!"

अकरा वर्षं जो शब्द तिने दातांमागे कोंडला होता, तो बाहेर पडला तो कुठल्याच नाटकातला वाटेना. आमच्या गल्लीतला वाटला. मी भोकाला डोळा लावला. म्हाताऱ्याची हनुवटी वर झाली, कुणी नाव पुकारल्यावर होते तशी.

"तेमिर!"

हनुवटी खाली पडली. डावा हात, तीन बोटांचा, खुर्चीच्या हातावरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला. टोपी पुढे कलली. शेजारची बाई स्टेजकडे बघत होती, तिला पत्ताच नाही.

आणि अनिपाने मान वळवली. तिथे वळवायची नव्हती, तालमीत कधीच वळवली नव्हती. तिने पाचवी रांग बघितली, कडेची खुर्ची बघितली, लोंबणारा हात बघितला.

तिची तिसरी हाक बाकी. तिचा उजवा हात मांडीवरून सुटला, कोपरापर्यंत वर आला. मी मूठ आवळली. तो हात तिथेच अधांतरी थांबला. मग तिने तो जमिनीवर टेकवला, टेकवून उठली, भिंतीकडे पाठ केली आणि सरळ लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

तिसरी हाक तिने मयतावर मारलीच नाही. डोंगरापलीकडे गेलेल्या घोड्याला मारतात तशी मारली, जो अजून दिसतोय, अजून वळू शकतो असा. पार वर, नावातल्या त्या अरुंद 'इ'वर, जिथे गायिकांचे गळे फाटतात. ऐकताना मला इतकंच कळलं की ही रडत नाहीये, ही बोलावतेय. परत ये म्हणतेय. आणि ती थांबेचना. कंडक्टर दोन्ही हात हवेत धरून उभा, तोंड उघडं.

मी दोर सोडला आणि पळालो. कामाच्या मळक्या कपड्यांत, बाजूच्या दाराने थेट प्रेक्षकांत. पडदा वरच राहिला. टेनर बिचारा मेलेला पडून, एक डोळा उघडून कुजबुजतोय, "बाइके, पडदा! नाक खाजतंय!" लोक टाळ्या वाजवायला लागले होते, उभे राहत होते, मला काही दिसेना. मी खुर्च्यांवरून गेलो. अनिपा माझ्याआधी पोचली होती, नवरीच्या उंच शिरोभूषणासकट, गुडघ्यांवर.

"अता! अता!"

मी त्याचा लोंबता हात धरला. गार. कपाळावर घाम. कुपी उघडी, गोळ्या मांडीवर सांडलेल्या. "अक्साकाल!" मी ओरडलो. काही नाही. पुन्हा ओरडलो. माझा आवाज पोरासारखा चिरकला. टाळ्यांच्या त्या गोंगाटात मी देवाला जे जे कबूल केलं ते सांगत बसत नाही, त्यातलं अर्धं मी पाळलेलं नाही.

त्याचे ओठ हलले. जिभेखाली गोळी होती.

"ओरडतोस काय," तो म्हणाला, डोळे मिटलेलेच. "दुसऱ्या हाकेला छातीत कळ आली. म्हटलं, चला, निघायचं. तिसऱ्या हाकेला म्हटलं, सून बोलावतेय, न जाऊन कसं चालेल." मग थोडा श्वास घेऊन, "पोरी, रंग ओघळतोय तुझा. एवढी माणसं येतील माझ्या मयताला, वाटलं नव्हतं."

बाहेर नेला तेव्हाही चेहरा राखेसारखाच होता. तीन आठवडे दवाखान्यात. त्यातले पहिले चार दिवस-रात्र अनिपा दाराबाहेरच्या बाकावर बसून होती, आणि कुणी पांढऱ्या डगल्यातलं तिच्याकडे चालत आलं की उभी राहायची. तिला कुणी सांगायला जावं, की नावाने माणूस मरत नाही? मी तर नाही सांगणार. मी त्या भोकातून बघितलंय. दुसऱ्या हाकेला तो गेला होता आणि तिसऱ्या हाकेला आला, मग आता नावात काही नसतं असं कुठल्या तोंडाने म्हणू?

मॉस्कोवाले खूश होते. म्हणे शेवटी लोकांत उतरायची कल्पना फार धाडसी. येफिम मार्कोविचने त्यांच्यासमोर मान डोलावली आणि ते गेल्यावर मला पडद्यावरून काढून दोन महिने झाडू दिला. पुढच्या मंगळवारी पुन्हा खेळ होता. अनिपाने नाही म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याला कळलं, तर त्याने खाटेवरून निरोप धाडला, माझ्याच हाती: "तिला म्हणावं, जा आणि नीट बोलव. आवाज इथे खिडकीपर्यंत यायला पाहिजे." ती गेली, गायली. दर वेळी तिसऱ्या हाकेआधी ती मान वळवून पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची बघते, अजूनही. लोकांना वाटतं अभिनय.

मे महिन्यात म्हातारा घरी आला, काठी टेकत. मी पैजेचं नाव काढलं नाही. कोण काढणार? पण पहिल्याच रविवारी दुपारी बघतो तर नळापाशी समोवार धुमसतोय आणि म्हातारा माझ्या बायकोला म्हणतोय, "एक पांढरा रुमाल दे ग. माझ्या घरात मागितला तर सून देणार नाही."

"अक्साकाल, सोडा हो!" मी म्हटलं. "माणसं हसतील!"

"हसू देत की. तू काय रडायला पैज लावली होतीस?"

तीन बोटांच्या हाताने गाठ बसेना, शेवटी मीच बांधून दिली. दाढी खाली, वर नवरीचा रुमाल. पोरं भिंतीवर चढून बसली, बायांनी तोंडात रुमालाची टोकं कोंबली. म्हातारा एकेका घरापुढे गेला, वाटी दिली आणि वाकला. तीन-तीनदा, पुरेपूर, नजर खाली. मी काठी घेऊन त्याच्यामागे, प्रत्येक वाकण्याला श्वास रोखून, आता पडतो की काय म्हणून हात पुढे करून. सोळावं घर त्याचं स्वतःचं. दारात अनिपा. ती भिंतीला चिकटली होती, दोन्ही हात तोंडावर. सासऱ्याने सुनेपुढे वाकायचं, असं कुणी ऐकलंय का?

"नको अता, नको! पाप लागेल मला!"

तो वाकला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाकला आणि कमरेत धरून तिथेच अडकला, तर आम्ही दोघांनी दोन्हीकडून उचलून सरळ केला. अंगण हसून लोळत होतं. अनिपाचा हात अजून त्याच्या छातीवर होता, ठोके मोजत.

म्हाताऱ्याने वाटी पुढे केली, रुमाल पुढे ओढून, अगदी बारीक आवाजात, नव्या सुनेच्या.

"चहा निवतोय, सासूबाई. घ्या ना."

तिने दोन्ही हातांनी वाटी घेतली, आणि सगळ्या सोळा घरांदेखत एका दमात संपवली.